माझ्या अंगातलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे माडांच्या गर्दीत एक लहानसं गाव आहे आणि गावाच्या उंचवट्यावर संत सेबास्टियनचं चर्च आहे. त्या चर्चची मी दक्षिणेकडची भिंत. आमच्याकडचा पाऊस समुद्रावरून तिरपा येतो आणि सगळा मार माझ्याच अंगावर पडतो. उत्तरेकडची माझी बहीण जन्मभर आडोशाला बसून आहे. तिला विचारलंत तर ती आपलीच दुखणी सांगत बसेल, तेव्हा तिला विचारू नका. आज मी बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. पडायला माझी तयारी नाही. राज्यं आली नि गेली, वादळांनी छप्पर उडवून नेलं, पण मी जागची हलले नाही. अशा मला अगदी परवा-परवा पाडायची वेळ आली होती, आणि तीही कुणा शत्रूमुळे नव्हे, तर माझ्यावर जीव असलेल्या माणसांमुळे. तीच हकिगत सांगायची आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म फिरंग्यांच्या राज्यात झाला. नकाशा काढला एका पाद्रीबाबाने, पण मला रचलं इथल्याच हातांनी. डोंगरातला काळा दगड बैलगाड्यांतून आला. चुना मात्र खाडीने दिला. गावच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून टोपल्या भरभरून शिंपल्या आणायच्या, त्या भट्टीत भाजायच्या, मग खड्ड्यात पाणी घालून विझवायच्या. विझताना चुना असा काही रटरटायचा की कुत्री लांब पळायची. मग तो महिनोन् महिने मुरवायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालून घाण्यात मळायचा, आणि मगच तो माझ्या दगडांमध्ये भरायचा. असा चुना घाईने सुकत नाही आणि घाईने फुटतही नाही. तो भिंतीला श्वास घेऊ देतो. पावसात ओल आत शिरली तर उन्हाळ्यात तिला बाहेर जायची वाट ठेवतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण याच्यावरूनच घडलं.

मी इतकी जाड आहे की माझ्या खिडकीच्या कोनाड्यात दोन बायका पाय दुमडून गप्पा मारत बसू शकतात. बसतातही. खिडक्यांना तेव्हा काचा नव्हत्या. पातळ दुधी शिंपल्या घासून लाकडी चौकटीत बसवल्या होत्या, आणि त्यांतून येणारं ऊन मऊ होऊन यायचं. माझ्या एका टोकाला मनोरा, दुसऱ्या टोकाला वेदी, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि कौलं. दाराजवळ, अगदी माझ्या कुशीत, एक दगडी कुंड आहे. त्यातल्या पाण्याने गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती बाळाचा बाप्तिस्मा होतो. डोक्यावर गार पाणी पडलं की बाळ रडतं आणि ते रडणं मी वरच्या कौलांपर्यंत पोचवते. माझ्या सगळ्या कामांत मला हे काम फार आवडतं.

पुढे मराठ्यांनी हा किनारा जिंकला. फिरंगी गलबतांत बसून निघून गेले, जाताना मनोऱ्यातली घंटाही घेऊन गेले. गावात राहिलेली थोडीशी कुटुंबं घरातच प्रार्थना करू लागली आणि चर्च ओस पडलं. कौलं असलेली रिकामी जागा कोण सोडतो? मिठागरांवरच्या आगरी लोकांना पावसाळ्यात मीठ ठेवायला कोरडी जागा हवी होती. त्यांनी माझ्या अंगाला टेकवून मिठाच्या राशी घातल्या. एक पिढी गेली, दुसरी गेली, मीठ येत राहिलं, जात राहिलं. माणसाच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत ते मला चिकटून असायचं आणि दमट हवेत पाझरून माझ्या पोटात जायचं. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. नुसतं रिकामं उभं राहण्यापेक्षा कुणाचं तरी मीठ सांभाळलेलं बरं.

मग पुन्हा दिवस पालटले. ख्रिस्ती कुटुंबांनी आपलं चर्च परत मागितलं आणि आगरी शेजाऱ्यांनी भांडणतंटा न करता मीठ उचललं, वर छपराच्या कामाला खांदाही दिला. तेव्हापासून गावात एक रीत पडली. दिवाळीसाठी आगरी घरं रंगवून झाली की उरलेला चुना आणि काथ्याचे कुंचे घेऊन ती माणसं चर्चकडे यायची. पावसाळ्यात माझ्या अंगावर पांढरा भुरभुरीत लोणा फुललेला असायचा. दोन्हीकडच्या बायका तो खराट्याने झाडून काढायच्या आणि चिमूटभर नीळ घातलेला चुना मला वरपासून खालपर्यंत लावायच्या. त्या दिवशी अंगणात सगळ्यांची एकच पंगत बसायची, तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. दरवर्षी लोणा यायचा, दरवर्षी झाडला जायचा. माझ्यातलं मीठ असं थोडं थोडं बाहेर पडत होतं. हा लोणा इतका का येतो, हे हळूहळू सगळे विसरले, पण झाडायचं मात्र कुणी विसरलं नाही.

या चुनालावणीची मुकादम कातारीना नावाची एक विधवा होती. तिने आवाज दिला की मनोऱ्यावरची कबुतरं उडायची. एका वर्षी तिच्या शिडीचा पाय सरकला आणि ती माझ्या अंगावरून घसरत खाली आली. कंबरेचं हाड मोडलं. मला हात नाहीत याचं दुःख मला एरवी होत नाही, त्या दिवशी झालं. कातारीना पुढे जगली, पण वाकून, काठी टेकत. तिचा एकुलता मुलगा सायमन तेव्हा शाळेत होता. माझ्याकडे बघायची त्याची नजर त्या दिवसापासून बदलली.

सायमन मोठा झाला, बोटीवर नोकरीला लागला. आई गेल्यानंतर सुट्टीवर आला तो सिमेंटच्या गोण्या, गवंडी आणि तेलरंगाचे डबे घेऊनच. त्याची बायको मार्सेलीन दारात उभी राहून बघत होती. सायमनने मला तळहाताने थोपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता या भिंतीपायी कुणाची आय शिडीवर चढायची न्हाय. एकदाच पक्कं करून टाकतो. पन्नास वर्षं हिच्याकडे बघायला नको."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी एकट्या माणसाने एवढं कधी केलं नव्हतं. आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढला, त्यावर गुळगुळीत फिका पिवळा रंग. कुंडाशेजारी माझ्या अंगात एक संगमरवरी पाटी बसवली, 'कातारीना हिच्या आठवणीसाठी, मुलगा सायमन'. अलिबागहून फिरायला आलेले पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले आणि मी थोडी फुशारले.

पहिला पावसाळा सरला तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलंय. कौलांतून आणि पायातून ओल आत येत होती, पण बाहेर जायची वाट बंद झाली होती. मे महिन्याच्या उन्हात तुम्हाला रेनकोट घालून बसवलं तर जे होईल ते माझं झालं. मीठ बाहेर पडू बघायचं आणि गिलाव्याच्या आतच अडकायचं. तिथे त्याचे खडे व्हायचे, ते फुगायचे आणि माझ्या चुन्याचा भुगा करायचे. वरून मी चकचकीत होते आणि आतून पोखरली जात होते. ओरडायची सोय नव्हती.

आणखी एक झालं, ते मला जास्त लागलं. दिवाळीनंतर कुणी येईनासं झालं. यायचं तरी कशाला, भिंत पक्की झाली होती. काथ्याचे कुंचे आगरी घरांच्या माळ्यांवर पडून राहिले, पंगत बंद झाली. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, व्हायची, माणसं यायची, बसायची आणि जायची. माझ्या अंगाला हात लावणारं एकच माणूस उरलं, ती मार्सेलीन. सायमन एकदा बोटीवरून परत आला तो आजारी होऊन, आणि त्याला चर्चच्या आवारातच मातीत ठेवावं लागलं. त्यानंतर दर रविवारी मिस्सा संपली की ती रुमालाने ती पाटी पुसायची आणि माझ्या रंगावरून तळहात फिरवायची. तिच्या लेखी मी भिंत नव्हते, सायमन होते. तळव्याखाली काहीतरी फुगतंय हे तिला समजत होतं, असं मला वाटतं. पण तिला ते समजून घ्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका बाप्तिस्म्याच्या दिवशी व्हायचं ते झालं. बाळ रडून झालं होतं, सगळे फोटोसाठी बाहेर गेले होते, आणि कुंडाशेजारचा गिलावा खाटेएवढा तुकडा होऊन धाडकन खाली आला. त्याच्यामागून ओला भुगा सांडला. कुणाला लागलं नाही. पण तो जिथे पडला तिथे थोड्या वेळापूर्वी बाळाची पणजी खुर्ची टाकून बसली होती. चर्चला कुलूप लागलं आणि मिस्सा शाळेच्या वर्गात होऊ लागली.

पाऊस उघडल्यावर अंगणात सभा भरली. चर्चच्या मंडळाचा प्रमुख जेरोम हा सरळ माणूस आहे, आणि खुर्चीत बसलेली ती पणजी त्याचीच आई. तो म्हणाला, "जुनं झालं ते झालं. उद्या मिस्सा चालू असताना कोसळली तर कोण जबाबदार? पाडूया. चांगला स्लॅबचा नवा चर्च बांधूया. नाताळ झाला की जेसीबी आणतो."

मित्रांनो, स्वतःच्या मरणाचा ठराव समोर बसून ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

आमचे फादर तरुण आहेत. त्यांनी अलिबागहून रुचिका नावाच्या एका मुलीला बोलावून घेतलं होतं. जुन्या इमारती दुरुस्त करणं हेच तिचं काम. ती उठली आणि म्हणाली की शिकायला इंग्लंडात असताना तिने तिथल्या एका खेड्यातल्या चर्चवर काम केलं होतं. ते माझ्याहूनही कितीतरी जुनं. गारगोटीच्या भिंती, बुटका चौकोनी मनोरा, टोकदार कमानींच्या खिडक्या, आवारात कलंडलेल्या कबरी आणि त्या कबरींहून म्हातारी झाडं. प्रत्येक पिढीने त्यात आपली भर घातलेली. कुणी मनोरा उंच केला, कुणी बाजूला ओवरी जोडली. एका राजाच्या काळात भिंतींवरची चित्रं चुन्याखाली झाकून टाकली, आणि काही शतकांनी दुसऱ्या माणसांनी तो चुना हलक्या हाताने खरवडून ती पुन्हा उजेडात आणली. "आणि तिथेही," रुचिका म्हणाली, "भल्या माणसांनी भलं करायला म्हणून चुन्यावर सिमेंट थापलं. भिंती ओल्या झाल्या, दगडांचे पोपडे निघाले. मग सगळं सिमेंट काढून परत चुना भरला. ते चर्च आजही वापरात आहे."

सातासमुद्रापलीकडे माझी कुणी नातलग आहे, तिच्यावरही हीच वेळ आली आणि ती वाचली, हे ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

"म्हणजे आमची पन वाचेल?" जेरोमने विचारलं.

"मला तसं वाटतं. पण एक कोडं सुटत नाहीये. ही भिंत खांद्याच्या उंचीपर्यंतच फुटली आहे. त्याच्या वर ठणठणीत आहे. असं का, ते कळल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही. आणि काही झालं तरी सिमेंट काढावंच लागेल."

तेव्हा मार्सेलीन उभी राहिली. "पाडायचं न्हाय आणि काढायचं पन न्हाय," ती म्हणाली. "माझ्या मानसाने आपल्या आयसाठी केलेलं हाय ते. त्याच्यावर हातोडा मारायचा असेल तर आधी मला उचला इथनं." आणि ती खरोखरच माझ्याशी पाठ लावून पायरीवर बसली.

"मार्सेलीन, दोन्ही न्हाय तर मग करायचं काय?" जेरोम म्हणाला. "ती आपली आपण पडेल ना." सभा तशीच उठली. मला तिचा राग आला नाही. मी नुसती मनात म्हणत होते, बाई गं, सायमन माझ्या अंगावर आहे, त्याच्या आत मी आहे, आणि मी गेले तर तोही उभा राहणार नाही.

त्यानंतर मार्सेलीन रोज दुपारी आवारात येऊन बसू लागली, जणू कुणी चोरून हातोडा मारून जाईल. बाहेरच्या बाजूनेही माझा गिलावा तडकला होता आणि शेजारच्या मनुबाईच्या शेळ्या येऊन तिथे जीभ लावून चाटत उभ्या राहायच्या. मनुबाई म्हणजे मिठागरवाल्या आगरी घरातली म्हातारी. नातवांनी आता ट्रक घेतले आहेत, मिठागर बंद आहे, उरल्या आहेत त्या शेळ्या. मार्सेलीन काठी घेऊन त्यांना हाकलायची आणि त्या पुन्हा यायच्या.

"मनुबाय, शेळ्या आवर गो तुझ्या," एके दिवशी ती वैतागून म्हणाली. "भिंत खातात माझी."

"खातीन कशाला? चाटतान त्या." मनुबाई जवळ आली. तडकलेल्या जागी बोट फिरवलं आणि कालवणाची चव बघावी तसं जिभेला लावलं. मग थांबली. "मार्सेलीन, यो मीठ हाय."

"लोणा असेल."

"लोना बिना काय न्हाय. मीठ पिकवून माझा जनम गेला, मना काय सांगतंस? माझी आजी बोलायची, या देवलात आपला मीठ ठेवायचे म्हणून. मना वाटायचा, म्हातारीला भरम झालाय."

मार्सेलीनने बोट ओलं करून माझ्या भुग्यात बुडवलं आणि चाखलं. मग ती माझ्या अंगाला खेटून उभी राहिली. जिथे भेग संपत होती तिथे तिचा खांदा लागत होता. तिने त्याच्या वर हात फिरवला, खाली हात फिरवला. "मनुबाय, रास केवढी घालायचे तुमच्याकडे?" तिने विचारलं. मनुबाईने आपल्या खांद्याला हात लावून दाखवला.

मी आनंदाने वेडी व्हायच्या बेतात होते. जे सांगायला मला तोंड नव्हतं ते शेळ्यांनी सांगितलं होतं.

"म्हणजे दरवर्षी आपण झाडायचो ते हेच," मार्सेलीन हळू आवाजात म्हणाली. "आणि आम्ही तिचं तोंडच बंद केलं." ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "सायमनला कुणी सांगितलं असतं ना, त्याने केलं नसतं गो."

"कोन सांगनार होता? आमाला पन कुठं ठावं होतं?" मनुबाई म्हणाली आणि तिच्या शेजारी बसून राहिली.

मार्सेलीन त्याच संध्याकाळी रुचिकाशी फोनवर बोलली, आणि दुसऱ्या दिवशी जेरोमच्या ओटीवर जाऊन उभी राहिली. कोडं सुटलं, आता सिमेंट आणि मीठ काढलं तर भिंत वाचू शकेल, असं रुचिकाने सांगितलं होतं, आणि ठरलं ते असं. संत सेबास्टियनचा सण जानेवारीत असतो. तोपर्यंत जेसीबी थांबेल. सणाच्या आधी शहरातला एक इंजिनिअर येऊन मला तपासेल. तो नको म्हणाला तर कुणी आडवं यायचं नाही, मार्सेलीननेही नाही.

आधी पाटी काढायची होती. ती जेरोमने स्वतःच्या हाताने काढली, काठाला खरचटूसुद्धा दिलं नाही. मार्सेलीनने ती सायमनच्या कबरीवर ठेवायला सांगितली, तिथे आई आणि मुलगा एकत्र राहतील म्हणाली. मग तिने छिन्नी-हातोडी घेतली आणि माझ्यावर तळहात ठेवून उभी राहिली. "सायमन, तू आयसाठी केलंस," ती म्हणाली. "मी पन तिच्यासाठीच करते." आणि पहिला घाव घातला. दुसरा घाव पहिल्यापेक्षा जोरात बसला.

दुखलं मला, लपवत नाही. सिमेंट निघताना माझीही सालपटं निघाली. मशीन लावलं असतं तर काम झटपट झालं असतं, पण रुचिकाने ठाम नकार दिला, दगड हलतील म्हणून. सगळं हाताने. पहिले काही दिवस मार्सेलीन आणि रुचिकाचा गवंडी एवढेच होते. लोक येता-जाता बघायचे, हसायचे. मग मनुबाई खराटा घेऊन आली, तिच्यामागे तिची नातसून नलू आली, आणि हळूहळू आगरी आळीतल्या बायका जमू लागल्या. उघड्या अंगावर पहिल्यांदा वारा लागला तेव्हा मला वाटलं, आता पडले तरी चालेल. पण तेवढ्यापुरतंच हं. पडायचं नव्हतंच मला.

मग माझ्यातलं मीठ ओढून काढायचं काम सुरू झालं. शाळेतल्या मुलांनी घराघरांतली रद्दी आणली. कागद भिजवून त्याचा लगदा माझ्या अंगावर थापायचे, ताप आलेल्या कपाळावर पट्टी ठेवतात तसा. तो सुकला की मीठ शोषून निघायचा, मग नवा थापायचा. खाडीतून पुन्हा शिंपल्या आल्या. भट्टी पहिल्यांदा नीट पेटली नाही, अर्ध्या शिंपल्या कच्च्याच राहिल्या. कुणी वैतागलं नाही, दुसऱ्यांदा पेटवली आणि तो चुना पुढच्या दिवाळीसाठी मुरत घातला. नाताळची मिस्सा अंगणातच झाली आणि मी तिथे उघड्या दगडांनिशी उभी होते. लाज वाटली नाही.

कुंडाजवळ मात्र एके दिवशी दगडच सुटून गवंड्याच्या हातात आले, एकामागून एक. तेवढ्या जागेतून आरपार आभाळ दिसायला लागलं. जेरोमने डोक्याला हात लावला. "बघ, मी सांगत होतो," तो म्हणाला. "हिच्यात काय राहिलं न्हाय आता."

"दगड निघाला तर दगड बसवू," मार्सेलीन म्हणाली. "चर्च निघाला तर काय बसवशील?" ती वाकली, निखळलेला दगड पोटाशी धरून उचलला आणि धुवायला पाण्याकडे घेऊन गेली. जेरोमने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरा दगड उचलला. संध्याकाळपर्यंत ते सगळे रुचिकाने बाहेरून आणलेल्या मुरलेल्या चुन्यात परत आपापल्या जागी बसले.

सणाच्या आठवड्यात शहरातला इंजिनिअर आला. गंभीर चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. त्याने लहान हातोडीने मला मनोऱ्यापासून वेदीपर्यंत ठोकून बघितलं, ओल मोजायचं यंत्र लावलं, शिडी लावून कैच्यांचे टेकू तपासले. अंगणात सगळं गाव उभं होतं, ख्रिस्ती आळीही आणि आगरी आळीही. मी शक्य तेवढी ताठ उभी राहिले, जसं काही माझ्या हातात होतं.

"उभी राहील," तो म्हणाला. "पण एका अटीवर. मीठ अजून आत आहे. ते एका वर्षात जाणार नाही, तुमच्या मुलांच्या हयातीतही सगळं जाणार नाही. दरवर्षी पावसानंतर झाडायचं आणि चुना लावायचा. एक वर्षही चुकवायचं नाही. हे कोण करणार आहे, ते आत्ता सांगा. नाहीतर मी सही करत नाही."

जेरोमने हळूच विचारलं, "शिडीवर चढणार कोण? कातारीनाचं काय झालं ते विसरलात?"

"मी न्हाय विसरले," मार्सेलीन म्हणाली. "त्या दिवशी तिची शिडी धरायला कुणी नव्हतं. सायमनला वाटलं, भिंत पक्की पायजे. भिंतीला काय झालं नव्हतं. मानूस पायजे होता, शिडी धरायला." ती इंजिनिअरकडे वळली. "लिहा, साहेब. मी धरीन."

"मी पन धरीन," मनुबाई म्हणाली. नलू म्हणाली, ती चढेल. मग जेरोम पुढे आला, आणि मग एकदम इतके हात वर झाले की त्या गंभीर माणसालाही हसू आलं.

सणाला कुलूप उघडलं. मिस्सा आत झाली, आणि पुढच्या रविवारी नलूच्या शेजारणीचं, फिलोमिनाचं, बाळ कुंडापाशी आलं. डोक्यावर पाणी पडताच त्याने जो सूर लावला, तो मी कौलांपर्यंत काय, मनोऱ्याच्या टोकापर्यंत पोचवला.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणीतरी जुनं उभं असेल. एखादी विहीर, एखादी वेस, एखाद्या देवळाची किंवा मशिदीची भिंत. तिच्यावर प्रेम करा, पण काही करण्याआधी ती कशाची बनली आहे आणि तिच्या पोटात काय साठलं आहे, हे विचारून घ्या. आणि कृपा करून तिला एकदाच पक्कं करून मोकळे होऊ नका. आम्हाला कायमची दुरुस्ती नको असते. आम्हाला दरवर्षी येणारी माणसं हवी असतात, म्हणजे कुठे दुखतंय ते वेळेवर कळतं.

यंदा दिवाळी झाली आणि दोन्ही आळ्यांतल्या बायका खराटे घेऊन आल्या. माझ्या अंगावर लोणा फुलला होता, चांगला पांढराशुभ्र. मार्सेलीनने बोटावर घेऊन चाखला.

"संपला काय गो?" मनुबाईने खालून विचारलं.

"न्हाय. अजून लय हाय," मार्सेलीन म्हणाली आणि पदर खोचून झाडायला लागली.

मला तर ते संपायची मुळीच घाई नाही.